चवदार तळ्याचा दावा : हक्क आणि वहिवाट

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्रग्रंथांतून महाडच्या सत्याग्रहाचे वर्णन बहुधा २० मार्च १९२७ या एकाच दिवसाभोवती केलेले आढळते. त्या दिवसाचे महत्त्व निर्विवाद होय. तथापि तळ्याचा प्रश्न त्या दिवशी उद्भवला नव्हता आणि त्या दिवशी मिटलाही नाही.

सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने व कचेऱ्या अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. महाड नगरपालिकेने पुढील वर्षी चवदार तळे सर्वांस खुले असल्याचे जाहीर केले. हक्क कागदावर आला, परंतु तो बजावण्यास कोणी धजले नाही. मार्च १९२७ च्या परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, ते हा मिळालेला हक्क बजावण्याकरिता. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी हूल उठली, परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली आणि पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव फिरविला तो ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी.

डिसेंबरात सत्याग्रह पुन्हा होणार हे ठरताच काही स्पृश्य गृहस्थांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्यावर दावा लावला व १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. येथे आंबेडकरांपुढील पेच खरोखरच बिकट होता. हजारो लोक निर्धाराने जमले होते. सनातनी पक्षाशी लढावयास ते सिद्ध होते, परंतु हुकूम मोडणे म्हणजे सरकारलाही प्रतिपक्ष करून घेणे होते. २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रह मात्र आंबेडकरांच्या सल्ल्याने तहकूब ठेवण्यात आला. या निर्णयास माघार म्हणणे युक्त नव्हे. वहिवाटीच्या नावाने चालत आलेली सत्ता पुराव्याच्या कसोटीस लागली, ती त्यामुळेच.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दाव्याचा निकाल मात्र ८ जून १९३१ रोजी वादींच्या विरुद्ध लागला, ठाण्याचे अपील १९३३ मध्ये फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा सुनावणारेच न्यायाधीश होत. उघड्यावरील सार्वजनिक पाणवठा देवळासारखा नव्हे. भोवती स्पृश्यांची घरे होईपर्यंत इतरांस वगळण्याचा यत्न कोणी केला असेल की काय हेच शंकास्पद आहे, सबब अनादी वहिवाट सिद्ध होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद.

या निकालाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. वहिवाट सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा लोकहितविरोधी ठरते काय, हा प्रश्न न्यायालयाने अनिर्णितच ठेवला. वादी हरले ते पुराव्याअभावी. अस्पृश्यता स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिलीच नाही. ते घडले २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने. त्याला अनुसरून १९५५ मध्ये झालेल्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाचे १९७६ च्या दुरुस्तीने नामांतर झाले, ते 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' असे.