सातबाऱ्यावरचं रान

परवा मावळातल्या आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा काढला. त्यात वरच्या अंगाचा, करवंदाच्या जाळ्यांचा तुकडा 'पोटखराब' म्हणून दाखवलाय. लागवडीला अयोग्य, म्हणून आकारणी नाही. तिथे भेकरं येतात, पावसाआधी मोर ओरडतात. सरकारदरबारी मात्र त्या सगळ्याला एकच शब्द : खराब.

हे काही आजचं नाही. सतराव्या शतकात दुष्काळ आणि स्वाऱ्यांनी मावळ ओसाड पडला होता. तेव्हा दादोजी कोंडदेवांनी लांडगे मारणाऱ्यांना बक्षिसं दिली आणि नव्याने जमीन कसणाऱ्यांना सुरुवातीला नाममात्र सारा लावून तो वर्षावर्षाने वाढवत नेला, असं जुन्या बखरींच्या आधाराने सांगतात. उपाशी मुलखात ते शहाणपणाचंच होतं. सवलत नांगराला, बक्षीस लांडग्याच्या मुंडक्याला.

पुढे इंग्रज आले. 1836 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी पुणे जिल्ह्यातच, इंदापुरात सुरू झाली. जमिनीचा मगदूर पाहून तीस वर्षांसाठी सारा ठरू लागला. पिकेल ती जमीन, उरेल तो खराबा.

मग 1975 चा खाजगी वने संपादन कायदा. 30 ऑगस्टला राज्यातली खाजगी वनं सरकारजमा झाली. कमाल मर्यादेतली, कायदेशीरपणे कसत असलेली जमीन त्यातून सुटली. उद्देश जंगल वाचवण्याचाच होता. पण शेतकऱ्याने धडा काय घ्यायचा? नांगरलं त्याचं राहिलं, रान राखलं त्याचं गेलं!

अमेरिकेतल्या टेक्सासने 1995 मध्ये मतदान घेऊन राज्यघटनाच बदलली. शेतीची करसवलत असलेल्या जमिनीवर आता पिकाऐवजी वन्यजीव सांभाळले तरी सवलत टिकते. नुसतं रान सोडून चालत नाही; पाणी, निवारा, गणती अशा सात कामांपैकी निदान तीन करावी लागतात.

आपल्याकडे हे जसंच्या तसं आणून उपयोग नाही. आमच्या शेताचा आकार वर्षाला काही रुपये आहे, त्यात सूट ती काय देणार? प्रश्न पैशाचा नाही, नावाचा आहे. 2018 मध्ये नियम बदलले आणि पोटखराबा लागवडीखाली आणला तर तशी नोंद करून घेता येऊ लागली. म्हणजे खराबातून सुटायच्या वाटा दोनच : नांगर, नाहीतर बिगरशेती. लोणावळ्याच्या आसपासच्या डोंगरउतारांवर दुसरी वाट कुठे जाते ते दिसतंच आहे.

धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, जेसीबी लावून सपाट करू, नाहीतर प्लॉट पाडू. नुसतं ठेवून काय मिळणार?"

त्याला कागदावरचं उत्तर माझ्याकडे नाही. यंदा तरी जेसीबी नको, एवढंच म्हणालो. भेकरांना सातबारा वाचता येत नाही हे एक बरं आहे.