सुप्याचा दंगा: कारण कोणतं, निमित्त कोणतं?

आज बारामती तालुक्यात असलेलं सुपे तेव्हा भीमथडीत मोडत असे. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारपेठेत जमलेल्या रयतेने सावकारांकडे वह्या आणि खतं मागितली, ती जाळली. धान्याची दुकानं लुटली, काही घरंही पेटवली. इथवर सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते कारणाचं.

सरकारी आयोगाने मुख्य दोष टाकला सावकारीवर. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव उतरला, सावकाराने हात आखडता घेतला. खरंच आहे ते. पण १८६७ मध्ये इंदापूरपासून फेरआकारणी सुरू झाली आणि शेतसारा एकदम चढला, त्याचं काय? पुण्याची सार्वजनिक सभा दंग्याआधीपासूनच साऱ्याविरुद्ध बोलत होती. आयोगातल्याच ऑक्लंड कॉल्व्हिन यांनीही साऱ्यावर बोट ठेवलं.

नील चार्ल्सवर्थ यांनी तर १९७२ मध्ये या दंग्यांना ‘मिथक’च म्हटलं: गावं थोडी, हिंसा थोडी, बोभाटा मोठा. मला हे अर्धंच पटतं. बऱ्याच गावांत कागद हाती आले की जमाव सावकाराच्या अंगाला हात लावत नसे. म्हणजे हिंसा कमी होती, कारण रोख कागदावर होता. कोर्टात उभा राहणारा पुरावाच तो! हे काही डोकं फिरलेल्या जमावाचं काम नव्हे.

आता कारण ठरवलं की औषधही ठरतं. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागचा खरा व्यवहार तपासायला लावलं, हप्ते बांधून द्यायची मुभा दिली. साऱ्याचा दर मात्र होता तिथेच राहिला.