दिल्ली परिसरातील जलविहारस्थळे

दिल्ली परिसरातील जलविहारस्थळे : राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील तलाव, बंधारे, पाणथळी आणि यमुनेचे घाट यांच्या आसऱ्याने वाढलेली कौटुंबिक सहलीची ठिकाणे. समुद्र इथून सुमारे हजार किलोमीटर लांब. मुंबईकर संध्याकाळी पोराबाळांना घेऊन चौपाटी गाठतो. दिल्लीकराला त्यासाठी अरवलीच्या उतारावर नाही तर यमुनाकाठी जावे लागते. तिथे जे पाणी भेटते ते बहुतेक कोणीतरी कधीतरी बांध घालून अडवलेले असते. म्हणून या ठिकाणांची शोभा पाहताना बांधामागच्या पाणलोटाकडेही पाहावे लागते. तो शाबूत आहे तिथे नाव चालते, तो गेला तिथे धक्का कोरडा पडतो.

पाणी अडवण्याची ही रीत फार जुनी. फरिदाबाद जिल्ह्यातल्या अनंगपूर गावाजवळ तोमर राजवटीतला दगडी बांध अजून उभा आहे. गारगोटीसारख्या कठीण क्वार्टझाइटचे चिरे एकावर एक रचून दोन टेकड्यांमधली घळ बंद केलेली दिसते. जवळच सूरजकुंड आहे. ते दहाव्या शतकात तोमर राजा सूरजपाल याने बांधले असे मानतात. अर्धवर्तुळात उतरत गेलेल्या रुंद दगडी पायऱ्या हे त्याचे खरे वैभव. पावसाळ्यानंतरचे काही दिवस सोडले तर कुंडाच्या तळाशी आता गवत असते. लोक येतात ते मुख्यतः १९८७ पासून दर फेब्रुवारीत भरणाऱ्या हस्तकला मेळ्यासाठी. २०१९ च्या मेळ्यात महाराष्ट्र मुख्य राज्य होते.

या साऱ्या परिसरात सर्वाधिक हळहळ वाटावी असे ठिकाण म्हणजे बडखल. १९४७ च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी अरवलीच्या कुशीत बांध घातला गेला आणि तयार झालेल्या तळ्याभोवती पुढे हरियाणा पर्यटन विभागाने विश्रामगृह, उपाहारगृह, नौकाविहार उभे केले. दिल्लीतल्या कितीतरी घरांच्या जुन्या अल्बमांत बडखलच्या पायडल बोटीतला एक तरी फोटो निघतो. पण तळ्याला पाणी पुरवणाऱ्या डोंगरांत दगडाच्या आणि बदरपुराच्या खाणी लागल्या. (बदरपूर म्हणजे इथल्या बांधकामात वापरतात ती जाड लालसर वाळू.) ओढ्यांच्या वाटा तुटल्या, पावसाचे पाणी तळ्यात येण्याऐवजी खाणींच्या खड्ड्यांत उतरू लागले, भूजलाचा उपसाही वाढत गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिल्ली-हरियाणा सीमेलगतच्या अरवलीत खाणकाम थांबवले, पण तोवर तळे आटत आले होते. नंतर वर्षानुवर्षे तिथल्या पायऱ्या माळरानात उतरत होत्या आणि तळात गुरे चरत होती. पुढे फरिदाबाद स्मार्ट सिटी योजनेत, प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडून तळे पुन्हा भरण्याचे काम हाती घेण्यात आले. हे काम नेटाने चालले पाहिजे. मात्र सांडपाण्याने भरलेले तळे आणि डोंगरावरून खळाळत आलेल्या पावसाने भरलेले तळे यांत फरक राहणारच.

गुरुग्राम जिल्ह्यात सोहन्याजवळचे दमदमा तळे त्याच सुमाराचे, दगडमातीच्या बांधाचे. पाऊस चांगला झाला की टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत पाणी चढते, उन्हाळ्यात बरेच मागे हटते. म्हणून सहल ठरवावी ती सप्टेंबर ते फेब्रुवारीतच.

खाणींनी एक वेगळेच, फसवे सौंदर्यही मागे ठेवले. असोला-भाटी अभयारण्यात आणि त्याच्या हरियाणाकडच्या बाजूला सोडून दिलेल्या खाणींत निळेशार पाणी साठले आहे. काठ उभे कापलेले, खोली एकदम वाढणारी. पोहायला उतरलेल्या तरुणांचे इथे बळी गेले आहेत. लांबून, तेही परवानगी असलेल्या वाटेवरूनच पाहायचे हे पाणी आहे. मुलांना घेऊन जायचे तर अभयारण्यातल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या निसर्गशिक्षण केंद्राच्या फुलपाखरू फेऱ्या उत्तम.

शहरातल्या तलावांपैकी हौज खास सर्वांत देखणा. अलाउद्दीन खिलजीने सिरीच्या वस्तीसाठी तो खोदवला आणि फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात गाळ काढून काठावर मदरसा बांधला. आज तोही प्रक्रिया केलेल्या पाण्यावर जगतो. मदरशाच्या सज्जातून खाली बदके दिसतात, शेजारच्या डियर पार्कात हरणे. मराठी माणसाला जवळचा वाटेल तो तालकटोरा. मूळ तलाव उरलेला नाही, पण मार्च १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाच्या फौजेची मोगलांशी लढाई झाली ती याच भागात, आणि ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फेब्रुवारी २०२५ मध्ये भरले तेही तालकटोरा स्टेडियममध्येच.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र दिल्ली परिसर कोणत्याही किनाऱ्याला हार जाणार नाही. सुलतानपूर राष्ट्रीय उद्यानाची गोष्ट तर थेट मिठापासून सुरू होते. इथल्या विहिरींचे पाणी खारे, आणि इंग्रजी अमदानीत त्यापासून मीठ काढले जाई. कोकणातल्या मिठागरांशी असलेले हे नाते फारसे कोणाच्या ध्यानात नसते. पुढे पक्षीनिरीक्षक पीटर जॅक्सन यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींकडे या झिलेच्या रक्षणासाठी शब्द टाकला. १९७२ मध्ये अभयारण्य, १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०२१ मध्ये रामसर स्थळ असा तिचा प्रवास झाला. क्षेत्र अवघे १.४२ चौरस किलोमीटर. मधल्या बेटांवरच्या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत असते. थंडीत पट्टकादंब, थापट्या, तलवार बदक उतरतात, सारसाची जोडीही दिसते. पावसाळ्यात विणीसाठी उद्यान बंद ठेवतात.

चित्रबलाक पाहायला इतके लांब जायलाच हवे असे नाही. पुराना किल्ल्याशेजारी १९५९ मध्ये प्राणिसंग्रहालय सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षापासून रानातले, मुक्त चित्रबलाक तिथल्या तळ्यांवर घरटी करू लागले. सप्टेंबरअखेरीस गेले तर झाड पिलांच्या कलकलाटाने भरलेले असते. पालक पक्षी बाहेरच्या पाणथळींतून मासे आणून घरट्यात ओकतात आणि पिले एकमेकांना ढकलत त्यांवर तुटून पडतात. शाळकरी मुले पिंजऱ्यांपेक्षा इथेच जास्त वेळ रेंगाळतात.

ओखल्याला यमुनेवर १८७४ मध्ये आग्रा कालव्यासाठी बंधारा झाला, १९८६ मध्ये नवे बॅरेज आले. त्यामागे तुंबलेल्या पाण्यात पक्षी जमले आणि १९९० मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झाले. मेट्रोच्या मॅजेन्टा मार्गावर त्याच नावाचे स्थानक आहे, म्हणून लहान मुलांना नेण्याची ही सर्वांत सोपी जागा. नदीचे पाणी मात्र दुखरे आहे. वजिराबाद ते ओखला या सुमारे २२ किलोमीटरच्या टप्प्यात उन्हाळ्यात यमुनेत बव्हंशी नाल्यांचेच पाणी असते, आणि छटपूजेच्या दिवसांत ओखल्याखाली पांढरा फेस तरंगतो. त्या फेसात उभ्या राहून अर्घ्य देणाऱ्या बायका पाहवत नाहीत.

लाटेचा अनुभव हवाच असेल तर कृत्रिम लाटांची जलउद्याने आहेत. प्रगती मैदानावरचे अप्पू घर (१९८४-२००८) या प्रकारच्या करमणुकीचे आद्य ठिकाण. आता नोएडाकडे आणि कापसहेड्याला उन्हाळी सुट्टीत गर्दी उसळते.

समुद्राचा खरा भास होतो तो निगमबोधजवळच्या यमुना घाटावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या पहाटे. धुके असते, नावाडी कुटुंबांना घेऊन पात्रात निघतात आणि हाळी घालत शेवेची मूठ हवेत उडवली की शेकडो कुरव नावेभोवती घिरट्या घालतात. उत्तरेकडून आलेले हे पाहुणे, बंदरांवर दिसतात तेच. तळलेली शेव त्यांना घालू नये असे पक्षीनिरीक्षक कळकळीने सांगतात, आणि ते ऐकले पाहिजे. नुसते पाहण्यातही आनंद पुरेपूर आहे. जवळून पाहिले तर काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके थंडीत पांढरेच असते, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. फेब्रुवारी सरता सरता तो ठिपका पसरू लागतो, मार्चमध्ये काहींची डोकी पूर्ण तपकिरी-काळी दिसू लागतात, आणि होळीच्या आगेमागे घाट रिकामा होतो.