कस्तुरबा व महादेवभाई देसाई समाधिस्थळ, पुणे

पुण्यात नगर रस्त्यावर, येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसच्या आवारातील स्मारक. कस्तुरबा गांधी (१८६९–१९४४) आणि महात्मा गांधींचे सचिव महादेवभाई देसाई (१८९२–१९४२) यांच्या समाध्या येथे आहेत. गांधीजींच्या अस्थींचा काही अंशही येथे जतन केला आहे. स्मारकाची रचना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांची. झाडांच्या सोबतीने समाधीपर्यंत चालत जाणे हाच या स्मारकाचा गाभा असल्याने पुण्याच्या आधुनिक स्थापत्यात त्याला वेगळे स्थान आहे.

आगाखान पॅलेस १८९२ मध्ये तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी बांधला. ‘छोडो भारत’ आंदोलन सुरू होताच, ९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक केलेल्या गांधीजींना सरकारने येथे स्थानबद्ध केले. महादेवभाई, सरोजिनी नायडू आणि मीराबेन यांनाही येथेच ठेवले होते. कस्तुरबा, प्यारेलाल आणि डॉ. सुशीला नय्यर मागाहून आले. अटकेनंतर अवघ्या सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेवभाई हृदयविकाराने गेले. गांधीजींनी त्यांच्या देहाला स्वतःच्या हातांनी स्नान घातले आणि आवारातच अंत्यसंस्कार झाले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीला, कस्तुरबांचे निधन झाले. त्यांची चिताही महादेवभाईंच्या दहनभूमीजवळच रचण्यात आली. चिता शांत होईपर्यंत गांधीजी जवळच्या झाडाखाली बसून राहिले.

६ मे १९४४ रोजी गांधीजींची सुटका झाली. त्या वेळी त्यांनी सरकारला लिहिलेले पत्र स्थापत्याच्या अभ्यासकांनी आवर्जून वाचावे असे आहे. कुंपण घातलेली ही दहनभूमी आता पवित्र झाली आहे, आम्ही सर्व जण दिवसातून दोनदा तेथे जाऊन फुले वाहतो व प्रार्थना करतो, असे त्यांनी कळवले. मुख्य मागणे दोन होते: जमिनीचा तो तुकडा सरकारने ताब्यात घ्यावा आणि आगाखानांच्या आवारातून तेथवर वहिवाटीचा हक्क मिळावा, म्हणजे नातलगांना आणि स्नेह्यांना हवे तेव्हा येता येईल.

जागा आणि वाट. पुढे झालेल्या स्मारकाचा कार्यक्रम या दोन शब्दांत सामावला आहे.

कोरियांनी १९६०च्या दशकात हे काम केले. त्याआधी अहमदाबादला साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय (१९५८–६३) त्यांनी उभारले होते. तेथे सहा मीटर चौरसाची लहान दालने, त्यांच्यामधली मोकळी जागा आणि पाण्याचा चौक अशी मांडणी करून त्यांनी भव्यता टाळली. पुण्यात तर छपराचीही गरज नव्हती. बुटक्या भिंती, पायऱ्या आणि चौथरे एवढ्या साधनांनी त्यांनी वाट घडवली. माणसाच्या पावलांचा वेग मंदावावा आणि समाधी टप्प्याटप्प्याने समोर यावी, हा हेतू. आकाशाखालची मोकळी जागा आणि देवळाच्या प्रदक्षिणेसारखा विधीचा मार्ग हे कोरियांच्या चिंतनातले कायमचे विषय होते.

वाटेच्या शेवटी पांढऱ्या संगमरवरी समाध्या आहेत. त्यांचा घाट तुळशीवृंदावनाचा. मराठी घराच्या अंगणात जी वस्तू रोजच्या पूजेची, तिच्याच उंचीचे हे स्मारक. फूल ठेवायला वाकावे लागते. याच शहरात वानवडीला महादजी शिंद्यांची (मृत्यू १७९४) छत्री आहे. तेथे शिल्पांनी नटलेली वास्तू आणि शिखर लांबूनच नजर वेधून घेतात, तर येथे जवळ गेल्याशिवाय काही हाती लागत नाही.

वृक्षांना स्मृतीशी जोडण्याची महाराष्ट्रातील रीत जुनी आहे. सह्याद्रीतल्या देवरायांमध्ये दैवतांबरोबर वीरगळही आढळतात. पुण्यातील संशोधक वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास जगापुढे मांडला. युरोपात याच विचाराचे गाजलेले उदाहरण म्हणजे स्टॉकहोमची ‘वनदफनभूमी’. १९१५ च्या स्पर्धेतून गुन्नार आस्प्लुंड आणि सिगुर्ड लेव्हेरेंट्स यांची निवड झाली; पाइन वृक्षांचे रान शाबूत ठेवून त्यांनी तेथे ८८८ मीटर लांबीची सरळ वाट नेली आणि ती एका प्रार्थनागृहापाशी थांबवली. १९९४ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत आले.

पुण्याच्या हवेत मात्र अशा रचनेचे प्रश्न वेगळे असतात. वर्षाचा सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस बहुतांशी चार महिन्यांत पडतो. त्या काळात सावलीतल्या भिंतींवर शेवाळ धरते आणि फरशी निसरडी होते. म्हणून उतार, पाण्याचा निचरा आणि मुळांपासून चौथऱ्याचे अंतर ही कामे आराखड्यातच ठरवावी लागतात. झाडांची निवडही ऋतू पाहून करावी लागते: कस्तुरबांचा स्मृतिदिन फेब्रुवारीत, म्हणजे पानझडी वृक्ष उघडे पडू लागतात तेव्हा, आणि महादेवभाईंचा भर श्रावणसरींच्या दिवसांत येतो. एकच वाट या दोन दिवशी अगदी वेगळ्या उजेडात दिसते.

१९६९ मध्ये चौथे आगाखान यांनी आगाखान पॅलेसची वास्तू गांधीजींच्या स्मृतीसाठी भारतीय जनतेला अर्पण केली. २००३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक घोषित केले. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास कायद्याने बंदी आहे. नगर रस्त्यावरून जाणारा पुणे मेट्रोचा नियोजित मार्ग या बंदीमुळेच बदलून कल्याणीनगरमधून वळवण्यात आला आणि मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंतची सेवा त्या वळणावरून सुरू झाली.