अन्नातील विष आणि ताटातील भूक : लाखेच्या डाळीचा धडा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या पंचक्रोशीतील मुलांना अक्षरओळख दिली आणि त्याबरोबर विचारण्याची सवयही लावली. अशा शिक्षकाच्या स्मृतीला वाहिलेल्या व्यासपीठावर, भाषेच्या प्राध्यापकाने अन्नातील धोक्यांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आजचा विषय एका शब्दापासूनच सुरू होतो. तो शब्द म्हणजे ‘निवडणे’.

आपल्या घरांतून दुपारच्या वेळी आजी सूप घेऊन ओसरीवर बसत असे. तूर, मसूर, हुलगे सुपात पसरून ती खडे वेचून काढी आणि एखादा अनोळखी दाणा दिसला की तो बोटांत धरून निरखी. तिचे प्रश्न ठरलेले असत. हे काय आहे? हे पोटात गेले तर काय होते? किती गेले तर बाधते? आणि घरातल्या कोणाला बाधते? बाळंतिणीला एक नियम, राबत्या गड्याला दुसरा. राष्ट्राला जेव्हा आपल्या कोट्यवधी लेकरांचे अन्न निवडावे लागते, तेव्हा त्यालाही हेच चार प्रश्न विचारावे लागतात. यांतला एखादा गाळला तर काय घडते, हे लाखेच्या डाळीच्या इतिहासातून सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

१. शब्दांची साक्ष

आपल्या बेळगाव-निपाणी भागात लाख हे काही नित्याचे पीक नव्हे. ती पूर्व विदर्भाची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात तिला लाख, लाखोळी, लाखोरी म्हणतात. हिंदी प्रदेशात तीच खेसारी किंवा तिवडा होते. धान उभे असतानाच त्याच्या ओलीवर बी फेकायचे. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. भातानंतर ओलीवर कडधान्य घेण्याची रीत आपल्याही शेतकऱ्यांना परकी नाही, म्हणून या पिकाचे मोल आपणांस समजावून सांगावे लागणार नाही. अवर्षण आले तरी लाख येते, शेतात पाणी साचले तरी येते. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, दाण्यांची डाळ होते. गरिबाच्या घरी प्रथिन पोहोचवणारे इतके स्वस्त धान्य दुसरे क्वचितच असेल.

संस्कृतात तिचे नाव त्रिपुट. दाणा तिरक्या कडांचा, पाचरीसारखा असतो, त्यावरून ते पडले असावे. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त त्रिपुटाने माणूस लंगडा-पांगळा होतो असे सांगितले आहे. त्याच्याही कितीतरी आधी सुश्रुतसंहितेत कलायखंज नावाच्या विकाराचे वर्णन येते. चालू लागताना पाय थरथरतात, सांधे सैल पडल्यासारखे होतात आणि माणूस खुरडत जातो. म्हणजे दाण्याचा दोष आपल्या वैद्यांना ठाऊक होता. तो केवळ आपल्याकडेच ठाऊक होता असेही नाही. युरोपात वुर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ साली या दाण्याचे पीठ भाकरीत वापरण्यास मनाई केली होती.

२. गारपिटीनंतरची चार वर्षे

या विषयाची आपल्या देशातील एक ठळक आधुनिक नोंद कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याची आहे. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने मध्य भारतातील सागर परिसराची हकीकत दिली. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला, त्यापुढच्या वर्षी तांबेऱ्याने पीक खाल्ले. शेतात तण म्हणून वाढणारी तिवडा मात्र मातली. लोकांनी तीच कापली, तीच खाल्ली. १८३३ पासून गावातील तरुण माणसे कमरेखाली लुळी पडू लागली.

या हकीकतीतला क्रम ध्यानात घ्यावा. आधी गारपीट, मग भूक, मग लाख आणि शेवटी लुळेपणा. विष पहिल्यापासून दाण्यात होतेच. तीन वर्षांच्या नापिकीने ते ताटात पुढे आणले.

हा रोग कपटी आहे. तो मेंदूची समज घेत नाही, वाचा घेत नाही, प्राणही घेत नाही. फक्त पाय घेतो, आणि बहुधा घरातल्या कमावत्या तरुणाचे. वैद्यकाने त्याच्या पायऱ्या पाडल्या आहेत, त्या वाचताना आजही अंगावर काटा येतो. पहिल्या पायरीवर रोगी काठीवाचून पण अडखळत चालतो, दुसरीवर एका काठीने, तिसरीवर दोन काठ्यांनी, आणि शेवटी तो हातांवर भार देऊन सरपटतो. गेलेली शक्ती परत येत नाही.

३. कुन्नूर ते हैदराबाद

अशा प्रश्नांची शास्त्रीय तपासणी करणारी आपली प्रमुख संस्था म्हणजे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. तिचा जन्म १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे, रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांच्या एका लहानशा बेरीबेरी-चौकशी केंद्रातून झाला. बेरीबेरी हा गिरणीत सडून पांढऱ्याशुभ्र केलेल्या तांदळाशी जोडलेला रोग. भात हेच ज्यांचे जीवन त्या आपल्या गावाने हे विशेष लक्षात ठेवावे. तेथे तांदळात विष काहीच नव्हते. कोंड्याबरोबर जीवनसत्त्व निघून गेले, एवढेच. अन्नातील धोका दोन वाटांनी येतो, नको ते असण्याने आणि हवे ते नसण्याने, ही जाणीव या संस्थेच्या पायातच आहे. १९५८ साली ती हैदराबादला आली आणि १९६९ साली तिला आजचे नाव मिळाले.

१९६४ साली बंगलोर आणि दिल्ली येथील भारतीय शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी लाखेतील विषद्रव्य स्वतंत्रपणे वेगळे काढले. त्याचे लघुनाम ओडॅप. दाणा सापडला होता, आता त्यातला दोषी अंशही सापडला. हैदराबादच्या संस्थेने आणखी एक व्यवहारी गोष्ट सांगितली. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले, तर विषाचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर जातो. परंतु ज्या घरी सरपण मोजून वापरले जाते, तेथे हा उपाय सांगणे सोपे आणि करणे अवघड होते.

४. बंदी कोणासाठी?

दरम्यान कायदा आपल्या वाटेने गेला होता. १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांन्वये १९६१ साली लाखेच्या विक्रीवर बंदी घालण्याची तरतूद झाली. अंमल राज्यांच्या हाती होता आणि तो सर्वत्र सारखा झाला नाही.

या बंदीमागचा हेतू शुद्ध होता, याविषयी शंका नको. व्यापारी बेसनात आणि तुरीच्या डाळीत लाख मिसळत, हेही खरे. त्या मार्गाने ती लाख न पिकवणाऱ्या मुलखातल्या झुणक्या-भज्यांतही पोहोचत असे. पण बंदी होती ती विक्रीवर. पायांनी अधू झालेला मजूर लाख विकत घेतच नव्हता. ती त्याच्या तुकड्यात पिकत होती, किंवा मजुरी म्हणून पदरात पडत होती. मध्य प्रदेशातील रीवा भागात वेठीच्या मजुरांना वेतनादाखल हीच खेसारी दिली जाई. मालक गहू विकी आणि गडी लाख खाई. साठच्या दशकात तेथे झालेल्या पाहण्यांत हजारो पांगळी माणसे आढळली. कायद्याने बाजारातील डाळ पाहिली. गड्याचे ताट त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आलेच नाही.

उलटपक्षी, वर्षातून काही दिवस तूर-मुगाबरोबर लाख खाणारा भंडाऱ्याचा धडधाकट शेतकरी विचारीत असे की, माझे वाडवडील ही खात आले, मग मी गुन्हेगार कसा? हा प्रश्न नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी अनेक वर्षे शासनदरबारी लावून धरला आणि बंदी उठावी म्हणून उपोषणेही केली. त्यांची सर्वच मते सर्वांना मान्य होतील असे नाही; पण हा प्रश्न रास्त होता, हे मानावे लागते.

५. चार पायऱ्या

आज या क्षेत्राचा कारभार भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे आहे. २००६ च्या कायद्याने जुना भेसळ कायदा मागे सारला आणि २००८ साली हे प्राधिकरण उभे राहिले. शास्त्रज्ञांची विषयवार मंडळे आणि त्यांवर एक वैज्ञानिक समिती अशी त्याची रचना आहे. धोक्याचे मूल्यमापन चार पायऱ्यांनी करावे, असे खुद्द कायद्याच्या व्याख्येतच सांगितले आहे. त्या पायऱ्या जगभर मान्य आहेत आणि, आश्चर्य वाटेल, पण त्या आजीच्या चार प्रश्नांहून फार वेगळ्या नाहीत.

पहिली पायरी धोका ओळखण्याची : लाखेत ओडॅप आहे. दुसरी त्याचा स्वभाव जाणण्याची : किती मात्रेने, किती काळात, कोणता अपाय होतो? लाख आहाराचा सुमारे तिसरा हिस्सा किंवा अधिक होऊन बसली आणि काही महिने तशीच राहिली, तर पाय धोक्यात येतात. तिसरी पायरी, प्रत्यक्षात कोणाच्या पोटात किती जाते हे मोजण्याची. चौथी, या तिन्हींचा मेळ घालून निष्कर्ष काढण्याची.

यांतील तिसरी पायरी कष्टाची आहे, कारण ती प्रयोगशाळेत चढता येत नाही. त्यासाठी घरोघर जावे लागते. काल काय शिजवले, कोणी किती वाढून घेतले, हे माउलीला विचारावे लागते, धान्य तोलावे लागते. १९७२ साली हैदराबादच्या संस्थेत राष्ट्रीय पोषण देखरेख कार्यालय स्थापन झाले ते याच कामासाठी. ते साल दुष्काळाचे. दुष्काळी कामांवरची सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो माझ्या पिढीने पाहिला आहे, त्यामुळे ताट मोजणे म्हणजे काय, हे आम्हांला वेगळे शिकावे लागले नाही.

पूर्व विदर्भात याच संस्थेच्या संशोधकांनी केलेली पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. लाखेचे खाणे पूर्वीच्या मानाने पुष्कळच घटल्याचे तीत दिसले. सिंचन आले, गहू-तांदूळ आवाक्यात आला, १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी नष्ट ठरवली. ताट बदलले, तसा रोग ओसरला. इकडे कृषिशास्त्रज्ञांनी ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ असे अल्पविष वाण तयार केले आणि २०१६ च्या आरंभी त्यांच्या आधारे बंदीचा फेरविचार करण्याची शिफारस देशभर चर्चेत आली. त्यावर काही तज्ज्ञांनी घेतलेली हरकतही विसरू नये. वाण कागदावर सौम्य असेल. पण दुष्काळी वर्षी गरिबाच्या घरी तोच वाण असेल आणि दुसरे काहीच नसेल, याची हमी कोण देणार?

६. मिठाचा निवाडा

जाता जाता याच्या उलट बाजूचे एक उदाहरण देतो. आयोडीनच्या अभावाने गलगंड होतो आणि मुलांची बुद्धी खुंटते, म्हणून २००६ पासून खाण्यासाठी साध्या मिठाच्या विक्रीस देशभर मनाई झाली. डॉ. कोठारी यांच्या नागपूरच्या संस्थेने त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २०११ साली न्यायालयाने म्हटले की, साधे मीठ हे काही अपायकारक अन्न नव्हे, त्यामुळे भेसळ कायद्याखाली अशी सक्ती बसत नाही. मात्र लोकांच्या आरोग्याचा विचार करून न्यायालयाने तो नियम लगेच न थांबवता फेरविचारासाठी सहा महिन्यांची मुदत दिली, आणि पुढे नव्या कायद्याखालील नियमांत ती मनाई कायम राहिली. विषावरील बंदीचे तर्कशास्त्र उणिवेला जसेच्या तसे लावता येत नाही, हा त्या निवाड्याचा बोध.

मित्रहो, दाण्यात विष आहे काय, हा प्रश्न प्रयोगशाळा सोडवते. त्या दाण्यावाचून ज्याला दुसरे काही मिळत नाही तो कोण, हा प्रश्न समाजाला सोडवावा लागतो. पहिल्याचे उत्तर १९६४ साली मिळाले. दुसऱ्याचे उत्तर दर दुष्काळात नव्याने शोधावे लागते. या शाळेतून शिकून उद्या कोणी शास्त्रज्ञ होईल, कोणी अन्न निरीक्षक, कोणी तलाठी. त्याने दाण्याबरोबर ताटही पाहावे, एवढीच अपेक्षा. सुपातला खडा वेचताना आजीची नजर पंगतीत बसणाऱ्यांकडेही असे.