खाऱ्या पाण्यातील प्राणवायू

मिठाने पाण्याची चव बदलते, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. परंतु मिठाने पाण्याचे प्राणवायूशी असलेले नातेही बदलते आणि तेही एकाच वेळी दोन परस्परविरुद्ध दिशांनी, ही गोष्ट उमगण्यास बराच काळ जावा लागला. हवा खेळवून सांडपाणी शुद्ध करण्याच्या विद्येचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

ह्या इतिहासाची दोन प्रकरणे मँचेस्टर शहरात घडली. द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबानुसार वाढते, हा नियम तेथील विल्यम हेन्री ह्याने १८०३ साली प्रसिद्ध केला. पुढे १९१४ साली एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट ह्यांनी त्याच शहरात सांडपाण्यात हवा सोडण्याचे आपले प्रयोग जाहीर केले. आरंभी शुद्धीकरणास कित्येक आठवडे लागत. पण तळाचा गाळ फेकून न देता त्यावरच नवे सांडपाणी घेत गेल्यावर तेच काम चोवीस तासांच्या आत होऊ लागले. जीवाणूंनी भरलेल्या ह्या गाळास ‘सक्रिय गाळ’ असे नाव मिळाले. ह्या प्रयोगांना प्रेरणा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

जीवाणूंना अन्न सांडपाण्यातच मिळते. प्राणवायू मात्र बाहेरून पुरवावा लागतो. शुद्धीकरण केंद्राच्या विजेचा जवळजवळ निम्मा भाग पुष्कळदा ह्याच कामी खर्च होतो. हा वायू पाण्यात शिरतो कसा, ह्याची उपपत्ती लुईस व व्हिटमन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२४ साली मांडली. हवा व पाणी जेथे भिडतात तेथे दोहों बाजूंस पातळ पापुद्रे असतात आणि प्राणवायूस मुख्य अडथळा पाण्याकडील पापुद्र्याचा होतो, असे त्यांनी दाखविले. म्हणून पाण्याची प्राणवायू सामावण्याची शक्ती जितकी अधिक आणि बुडबुड्यांचा पृष्ठभाग जितका मोठा, तितका पुरवठा जलद.

नेमक्या ह्या दोन ठिकाणी मीठ आपला प्रभाव दाखविते. वीस अंश सेल्सिअस तपमानास एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात सुमारे ७.४. म्हणजे मीठ पाण्याची धारणशक्ती घटविते. पण गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, तर खाऱ्या पाण्यात ते वेगळे व बारीक राहतात. त्यांचा एकूण पृष्ठभाग वाढतो आणि प्राणवायू झपाट्याने शिरतो. काही क्षार बुडबुड्यांचे मीलन रोखतात, तर काही रोखीत नाहीत, हे क्रेग, निनहॅम व पॅशली ह्यांनी १९९३ साली दाखविले. त्याच्या कारणाविषयी मात्र अद्याप एकमत नाही.

ह्या गुणाने मापन करणारेही फसत. हवा सोडणाऱ्या यंत्राची परीक्षा घेताना पाण्यातील प्राणवायू प्रथम सोडियम सल्फाइट घालून नाहीसा करतात. त्याच पाण्यात पुनःपुन्हा चाचणी केली की क्षार साचत जातो आणि यंत्र वास्तविकतेपेक्षा अधिक कार्यक्षम भासते. म्हणूनच प्रमाण चाचणीत विरघळलेल्या क्षारांवर मर्यादा घालण्यात आली.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नव्हता. हाँगकाँगमध्ये गोड्या पाण्याची टंचाई इतकी की, १९६३ साली चार दिवसांतून एकदा चार तास पाणी मिळे. तेथे १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासूनच शौचकूपांसाठी समुद्राचे पाणी वापरण्यास आरंभ झाला होता. गोडे पाणी वाचले. पण सांडपाणी खारट झाले आणि शा टिन येथील केंद्रात जीवाणूंना त्याच खारट पाण्यात काम करावे लागले. मिठाचे प्रमाण एकाएकी बदलले की जीवाणू कोलमडतात. शिवाय साबणाचे अंश प्राणवायूचा शिरकाव मंदावतात. त्यामुळे केवळ बारीक बुडबुडे पाहून निश्चिंत राहणे परवडत नाही.

समुद्रकाठच्या शहरांना गोडे पाणी वाचवावयाचे असेल, तर खाऱ्या सांडपाण्याचा हिशेब गोड्या पाण्याच्या कोष्टकावरून करून चालणार नाही. मीठ एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. दोन्ही हातांवर नजर ठेवील त्याचाच हिशेब बरोबर येईल.