युद्धाचा खेळ : प्रशियाच्या टेबलापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत
१/ रणगाड्यांची तुकडी शत्रूच्या दाराशी पोहोचते आणि तिथेच थबकते. तिला कोणी अडवलेले नसते. इंधन संपलेले असते. 'वॉरगेम: युरोपियन एस्कलेशन' खेळणाऱ्यांना हा क्षण चांगलाच परिचित आहे. आजचा धागा या खेळाच्या बलस्थानांविषयी आणि मनस्तापाविषयी. मात्र त्यासाठी आधी दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

२/ इ.स. १८२४, प्रशिया. तोफखान्यातील तरुण अधिकारी राइसवित्स याने आपला 'क्रीगस्पील', म्हणजे युद्धखेळ, सेनेच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग यांच्यासमोर मांडला. त्याच्या वडिलांनी १८१२ मध्ये राजासाठी भूप्रदेशाच्या प्रतिकृतींचे टेबल तयार केले होते. मुलाने तोच खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला.

३/ एक डाव म्हणजे युद्धभूमीवरील दोन मिनिटे. खेळाडू स्वतः सोंगट्या हलवत नसे. तो लेखी आज्ञा पंचाकडे देई. आज्ञा पोहोचायला किती वेळ लागेल हे पंच ठरवी, नकाशावर फक्त दृष्टीस पडणारे शत्रुसैन्य मांडी आणि चकमकीचा निकाल फासे व तक्त्यांवरून लावी. संभ्रम हा या खेळाचा आत्माच होता.

४/ म्युफलिंग प्रभावित झाले आणि त्यांनी हा खेळ सैन्याला शिफारशीसह दिला. पुढे मात्र नियमांचे ओझे जाचू लागले. १८७३ मध्ये मेकेलने त्यावर टीका केली; १८७६ मध्ये व्हर्डी द्यू व्हेर्न्वाने तक्ते व फासे दूर सारून निर्णय अनुभवी पंचावर सोपवला. काटेकोर नियम की जाणता पंच? हा वाद ध्यानात ठेवा.

५/ आता २०१२. पॅरिसच्या युजेन सिस्टम्सने 'युरोपियन एस्कलेशन' प्रसिद्ध केला. काळ १९७५ ते १९८५. नाटो आणि वॉर्सा करार यांच्यातील, प्रत्यक्षात कधीच न झालेले युद्ध. १९९२ च्या 'ड्यून २' पासून या प्रकाराचा साचा ठरलेला होता : साधनसंपत्ती गोळा करा, कारखाने उभारा, रणगाडे काढा. या खेळाने तो साचा मोडला.

६/ इथे कारखाना नाही. इंधन आणि दारूगोळा मोजका. रसदीचे ट्रक वेळेवर पोहोचले नाहीत तर सर्वोत्तम रणगाडाही लोखंडाचा ढिगारा. रान आणि झाडोरा दृष्टी अडवतात. सतत मारा झाला की सैनिकांचा धीर खचतो, नेम चुकतो. टेहळणीकडे दुर्लक्ष करणारा हमखास हरतो. हे या खेळाचे खरे बळ.

७/ २०१३ चा पुढचा भाग 'एअरलँड बॅटल'. हे नाव अमेरिकी लष्कराने १९८२ मध्ये स्वीकारलेल्या युद्धसिद्धान्ताचे : आघाडीवर लढतानाच मागून येणाऱ्या शत्रुदलांवर खोलवर प्रहार करायचा. खेळात विमाने आली आणि विमानविरोधी संरक्षणाविना पुढे सरकण्याची किंमत खेळाडूला कळू लागली.

८/ आता मनस्ताप. इथे आज्ञा क्षणात पोहोचते; वाटेत हरवत नाही, तिचा चुकीचा अर्थही लागत नाही. पण विचार करणारा दुय्यम अधिकारीही नाही. त्यामुळे सेनापती, कप्तान आणि ट्रकचालक ही तिन्ही कामे एकट्या खेळाडूची. डाव्या बगलेवर नजर असताना उजवी बगल मरून जाते, कारण मागे हटण्याइतकी बुद्धीही तिच्यापाशी नसते.

९/ दुसरा त्रास मेकेलच्या ओळखीचा. क्षेपणास्त्र का चुकले? टक्केवारीने ठरले म्हणून. ज्याच्याशी वाद घालावा असा पंचच नाही. संगणकाने राइसवित्सच्या तक्त्यांचा संथपणा घालवला, परंतु व्हर्डीचा जाणता पंच त्याला आणता आला नाही.

१०/ आणि सर्वांत खोल उणीव : इथली गावे ओस आहेत. घर म्हणजे पायदळासाठी आडोसा, एवढेच. सोव्हिएत रणगाडे पश्चिम जर्मनीत फुल्डा परिसरातून घुसतील अशी नाटोला भीती होती. तो प्रदेश खेडी, शेते आणि माणसांनी भरलेला होता. ते युद्ध झाले असते तर पहिली किंमत त्यांनीच मोजली असती.

११/ क्लाउझेविट्सने युद्धातील 'घर्षण' सांगितले : साधी गोष्टही रणात अवघड होते. हा खेळ ते घर्षण यंत्रात, रसदीत आणि भूमीत दाखवतो. माणसामाणसांतील घर्षण मात्र गाळतो. म्हणून खेळा अवश्य, पण डाव संपल्यावर प्रतिस्पर्ध्याशी बोला. आपल्याला काय दिसले, काय दिसले नाही, कोणता निर्णय का घेतला? टेबलाभोवतीची ही चर्चा पडद्यावर मिळत नाही. ती आपणच करायची.